एमबीबीएससाठी दोन कॉलेजांतून एक निवडताना या चुका टाळा

प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की नात्यातून आणि ओळखीतून दरवर्षी एकच प्रश्न येतो: अमुक कॉलेज मिळते आहे, तमुकही मिळू शकेल, तर कोणते घ्यावे? विचारणाऱ्याच्या हातात बहुधा एक कागद असतो आणि त्यावर दोन्ही नावांसमोर गेल्या वर्षीचा कटऑफ, वार्षिक शुल्क आणि घरापासूनचे अंतर लिहिलेले असते. यातला पहिला आकडा जवळजवळ निरुपयोगी, दुसरा अर्धवट आणि तिसरा गरजेपेक्षा जास्त वजन मिळालेला असतो. ज्याने साडेचार वर्षांच्या शिक्षणात आणि त्यानंतरच्या एका वर्षाच्या इंटर्नशिपमध्ये खरा फरक पडतो, ते म्हणजे त्या रुग्णालयात रोज किती आणि कसले रुग्ण येतात आणि विद्यार्थ्याला त्यांच्याजवळ किती जाऊ दिले जाते. त्या कागदावर नेमके तेच नसते.

कटऑफ म्हणजे दर्जा असे समजणे

कटऑफ हा आधीच्या वर्षीच्या पालकांच्या पसंतीचा हिशेब आहे, शिकवण्याचा नव्हे. शहर मोठे असले, रेल्वेची सोय असली, शुल्क कमी असले किंवा नाव जुने असले की कटऑफ वर चढतो, आणि तो चढला म्हणून पुढच्या वर्षी आणखी लोक तेच कॉलेज वर लिहितात. मुंबईतील ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ चे. त्यांच्या रुग्णालयांतील गर्दी पाहता त्यांचा लौकिक खोटा नाही. परंतु १९६९ मध्ये सेवाग्रामसारख्या लहान गावात सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेकडे पाहिले, तर शहराच्या आकारावरून शिक्षणाचा अंदाज बांधता येत नाही हेही लक्षात येते.

शिवाय आकडे वाचतानाही गफलत होते. देशभरातील उमेदवारांसाठीच्या ऑल इंडिया कोट्याचा कटऑफ राज्यातील मुलांसाठीच्या स्टेट कोट्याशी ताडला जातो, एका प्रवर्गाचा दुसऱ्या प्रवर्गाला लावला जातो आणि पहिल्या फेरीचा शेवटच्या फेरीशी जुळवला जातो. महाराष्ट्रातील ७०:३० हा विभागीय कोटा (७० टक्के जागा त्या विभागातील आणि ३० टक्के बाहेरच्या विद्यार्थ्यांना) २०२० मध्ये रद्द झाला, तरी त्या काळातील आकडे पुढे करून ‘आपल्या भागातल्या मुलांना इथे लवकर मिळते’ असे सांगणारे मार्गदर्शक मला अजून भेटतात. पदव्युत्तर प्रवेशाची नीट पीजी परीक्षा गुण देताना उमेदवाराच्या कॉलेजचे नाव पाहत नाही, ही साधी गोष्टही या चर्चेत विसरली जाते.

इमारत पाहून परत येणे

ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. पालक प्रवेशद्वार, सभागृह, ग्रंथालय, वातानुकूलित लेक्चर हॉल आणि वसतिगृहाची एक सजवलेली खोली पाहतात आणि समाधानाने परततात. रुग्णालय त्याच आवारात असते, पण तिकडे कोणी नेत नाही आणि आपणही मागणी करत नाही.

काही वर्षांपूर्वी एका नातेवाइकांच्या मुलीबरोबर मी एका खासगी कॉलेजात गेलो होतो. सोमवार होता, सकाळचे दहा वाजले होते, म्हणजे कोणत्याही चालत्या रुग्णालयात मेडिसिनच्या ओपीडीसमोर रांग जिन्यापर्यंत गेलेली असावी अशी वेळ. तिथल्या वॉर्डात खाटा भरलेल्या दिसत होत्या आणि चादरी पांढऱ्याशुभ्र होत्या. पण कोणत्याही खाटेशेजारच्या कपाटावर पाण्याची बाटली नव्हती, डब्याची पिशवी नव्हती, गादीखाली एक्स-रेचे पाकीट नव्हते, आणि रुग्णाजवळ बसलेले नातेवाईक तर एकही नव्हते. दोघेजण खाटेवर मांडी घालून गप्पा मारत होते. एकाच्या केसपेपरवर भरतीच्या तारखेनंतर एकही नोंद नव्हती. खाटांवर माणसे होती, पण ते खरे रुग्ण नव्हते, हे उघड होते. आम्ही काही न बोलता बाहेर आलो आणि मुलीने गाडीत बसताच ते नाव यादीतून काढले.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या किमान निकषांनुसार १०० जागांच्या कॉलेजला ४२० खाटा आणि १५० जागांच्या कॉलेजला ६०५ खाटा लागतात, आणि त्यांपैकी ८० टक्के खाटा भरलेल्या असाव्यात अशी अपेक्षा आहे. मान्यता आहे म्हणजे कागदावर हे सगळे आहे. ते प्रत्यक्षात आहे का, हे पाहण्यासाठी तपासणीच्या दिवशी नव्हे, तर एखाद्या साध्या सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी ओळख न देता ओपीडीच्या बाकावर तासभर बसावे. केसपेपरच्या खिडकीवरील क्रमांक तासाभरात कितीने पुढे सरकतो ते मोजावे. संध्याकाळी कॅज्युअल्टीच्या (तातडीच्या विभागाच्या) दारात थांबून ॲम्ब्युलन्स येतात का आणि आल्यावर रुग्ण दाखल होतात की दुसरीकडे धाडले जातात, हे पाहावे. लेबर रूमबाहेर बसलेल्या बायकांची संख्या तर कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगून जाते.

चुकीच्या माणसाला चुकीचा प्रश्न विचारणे

‘कॉलेज कसे आहे?’ असे विचारले की ‘छान आहे’ असे उत्तर मिळते, आणि ते पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने दिले असेल तर त्याचा अर्थ मेस बरी आहे आणि रॅगिंग झालेले नाही, इतकाच असतो. पहिले वर्ष ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्रीत जाते, त्यामुळे रुग्णालयाबद्दल त्याला फारसे ठाऊक नसते. विचारायचे ते इंटर्नला, आणि प्रश्न मोजता येईल असा असावा. तुम्ही स्वतः किती प्रसूती केल्या? टाके किती वेळा घातले? वॉर्डात क्लिनिक्स, म्हणजे रुग्णाजवळचे शिकवणे, रोज होतात की परीक्षेआधी महिनाभर? एका रुग्णाभोवती बॅचचे किती विद्यार्थी उभे असतात? रात्री अडचण आली तर कॉल कोण उचलतो?

असे विचारल्यावर एका शासकीय महाविद्यालयातील इंटर्नने मला हसून सांगितले होते की प्रसूती मोजणे त्याने दुसऱ्या आठवड्यातच सोडून दिले. रक्ताचे नमुने लॅबला पोचवण्यात अर्धा दिवस जातो आणि मामा (वॉर्डबॉय) जागेवर नसले तर स्ट्रेचरही आपणच ओढतो, अशी त्याची तक्रार होती. ही तक्रार खरी आहे, तरीही ज्या कॉलेजचा इंटर्न ‘इथे फार काम नसते, अभ्यासाला वेळ मिळतो’ असे सांगतो, त्यापेक्षा मी पहिलेच कॉलेज निवडेन. अभ्यासाला वेळ इतरत्रही काढता येतो. बिघडत चाललेला रुग्ण ओळखायला मात्र तो डोळ्यांसमोरच असावा लागतो.

‘नवे’ म्हटले की नाव काढून टाकणे

ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात एकदम दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. गडचिरोली, हिंगोली, वाशीम, जालना, भंडारा ही त्यांतलीच. अशा कॉलेजांविषयी पालकांची भीती सर्वस्वी निराधार नाही. प्राध्यापकांच्या जागा रिक्त असतात, काही जण दुसरीकडून तात्पुरते पाठवलेले असतात, वसतिगृह भाड्याच्या इमारतीत असते आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम नसल्यामुळे रात्री वॉर्डात शिकवणारे रेसिडेंटही, म्हणजे पदव्युत्तर शिकणारे निवासी डॉक्टरही, नसतात. ही शेवटची उणीव मला सर्वांत मोठी वाटते, कारण विद्यार्थी निम्मे वैद्यक प्राध्यापकांकडून आणि निम्मे रात्री दोन वाजता झोपमोड झालेल्या रेसिडेंटकडून शिकतो.

मात्र नवे शासकीय कॉलेज बहुधा जुन्या जिल्हा रुग्णालयाला जोडलेले असते आणि रुग्ण तिथे आधीपासून येत असतात. रेसिडेंट नसल्याने जे काम मोठ्या शहरात तिसऱ्या हातातून विद्यार्थ्याकडे येते, ते इथे थेट येऊ शकते. म्हणून माझा क्रम असा लागतो: गर्दीचे जुने शासकीय किंवा महापालिकेचे रुग्णालय प्रथम, चालत्या जिल्हा रुग्णालयाचे नवे कॉलेज त्यानंतर, आणि रिकाम्या खाटांचे देखणे कॉलेज, कितीही जुने असले तरी, शेवटी. भरपूर रुग्ण असलेली खासगी कॉलेजेही आहेत. त्यांना हा क्रम लावण्यापूर्वी वर सांगितलेला सोमवार तिथेही घालवावा.

शुल्काचा एकाच वर्षाचा हिशेब करणे

दोन कॉलेजांच्या शुल्कात वर्षाला पाच लाखांचा फरक असेल, तर साडेचार वर्षांचा फरक साडेबावीस लाख होतो. त्यावर वसतिगृह, मेस, अनामत रक्कम आणि विद्यापीठाचे शुल्क वेगळे. शैक्षणिक कर्ज काढले असेल तर हप्ते नंतर सुरू होत असले तरी व्याज पैसे उचलल्या दिवसापासून चढते, हे बँकेतून लेखी समजून घ्यावे. राज्यातील खासगी विनाअनुदानित कॉलेजांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, अभिमत (डीम्ड) विद्यापीठे मात्र त्या चौकटीबाहेर आहेत. त्यामुळे ‘दोन्ही खासगीच’ असे म्हणून त्यांना एका तराजूत घालू नये. मुलींच्या शुल्कमाफीबाबत २०२४ चा शासन निर्णय आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे आणि तो केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतील जागांना लागू होतो. संस्थात्मक (मॅनेजमेंट) कोट्यातील जागा घेऊन मग सवलत शोधणारे पालक दरवर्षी भेटतात, आणि त्यांना सांगण्यासारखे काही उरलेले नसते.

शासकीय आणि महापालिकेच्या कॉलेजात पदवीनंतर एक वर्षाची बंधपत्रित (बाँडची) सेवा असते. ती ओझे म्हणून मोजू नये, पण पदव्युत्तर तयारीच्या वेळापत्रकात ती धरलेली असावी. बाँडवर सही करण्यापूर्वी त्यातील अटी विद्यार्थ्याने स्वतः वाचाव्यात, केवळ वडिलांनी नव्हे.

पसंतीक्रम भीतीने लिहिणे

‘वरचे कॉलेज लिहिले आणि मिळाले नाही, तर खालचेही हातचे जाईल’ या समजुतीने अनेक विद्यार्थी मिळण्याची खात्री असलेले नाव वर ठेवतात. वाटप असे चालत नाही. गुणवत्ता क्रमांकानुसार तुमची पाळी आली की यंत्रणा तुमची यादी वरून खाली वाचते आणि तुमच्यासाठी उपलब्ध असलेली पहिली जागा देऊन थांबते. न मिळालेल्या नावामुळे खालच्या नावाची संधी घटत नाही. म्हणून यादी फक्त आवडीच्या क्रमाने लिहावी.

उलट चूक पुढच्या फेरीत होते आणि ती जास्त घातक आहे. राज्याच्या प्रक्रियेत हातची जागा कायम ठेवायची असल्यास स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरावा लागतो. तो भरला नाही, तर पुढच्या फेरीत तुमचा विचार होतो आणि यादीतील दुसरी जागा मिळताच पहिली आपोआप रद्द होते. मग ‘सहज लिहिले होते’ म्हणून चालत नाही. हातच्या जागेपेक्षा खरोखर जास्त आवडणारी नावेच त्या यादीत असावीत, आणि तशी नावे उरली नसतील तर फॉर्म मुदतीत भरून मोकळे व्हावे. ऑल इंडिया कोट्याचे नियम वेगळे असतात. दोन्हीकडे नाव असल्यास दोन्ही माहितीपुस्तिका शेजारी ठेवून वाचाव्यात.

घर जवळ म्हणून रोजचा प्रवास पत्करणे

व्याख्यानांना ७५ आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरीचे बंधन आहे. रोज दीड-दोन तास एका बाजूचा प्रवास करणारा विद्यार्थी हजेरी भरतो, पण संध्याकाळच्या वॉर्डाला मुकतो. अंतराचा विचार करायचाच तर घरापासून नव्हे, वसतिगृहापासून वॉर्डापर्यंतचा करावा.

चूक झालीच असेल तर

प्रवेश होऊन गेल्यावर वॉर्ड ओस आहे असे लक्षात आले, तर दुसऱ्या कॉलेजात बदली मिळेल या आशेवर वर्षे काढू नयेत. २०२३ च्या नियमावलीने ती वाट बंद केली आणि त्याआधीही ती फार थोड्यांना मिळत असे. त्याऐवजी इलेक्टिव्हच्या (आपल्या पसंतीचे काही शिकण्यासाठी अभ्यासक्रमात ठेवलेल्या) काळासाठी कॉलेजची परवानगी घेऊन रुग्ण असलेल्या रुग्णालयाकडे वेळेत अर्ज करावा, सुट्टीत गावाकडील ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांना भेटून ओपीडीत बसू देण्याची विनंती करावी, आणि आपल्या कॉलेजात जे एक-दोन युनिट (एखाद्या विभागातील डॉक्टरांचे पथक) चालते असेल ते शोधून संध्याकाळी तिथे जात राहावे. कोणत्याही कॉलेजात असे एखादे युनिट बहुधा असते, आणि ते कोणते हे रात्रपाळीच्या सिस्टरना विचारले की दोन मिनिटांत कळते.