नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना पुरावा शिकवताय? मग या चुका टाळा

इंदूरच्या एका रुग्णालयातला मेडिकल वॉर्ड. तिसऱ्या वर्षाची मुलगी सिंकपाशी उभी राहून हातमोज्यात पाणी भरत होती. पाचही बोटं टम्म फुगली, तिने मनगटाशी गाठ मारली आणि तो फुगा पक्षाघात झालेल्या आजोबांच्या टाचेखाली सरकवला. तिच्या जोडीला धारची एक मुलगी होती. ती मला म्हणाली, "मॅडम, पानी तो इधर-उधर सरक जाता है, एड़ी तो फिर भी दबी हुई है ना?" मी म्हटलं, "बेडसोर होऊ नये म्हणून ठेवतात. प्रोसिजर बुक बघ."

प्रोसिजर बुकात ते होतंच. ते पान मीच लिहून दिलेलं.

तो प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. रात्री घरी शोधायला बसले. प्रेशर इंज्युरी, म्हणजे बेडसोर, याबद्दलच्या २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत टाच उचलून धरायला काय वापरू नये याची यादीच आहे. रिंगा, सलाइनच्या पिशव्या आणि चक्क पाणी भरलेले हातमोजे. टाच पूर्ण अधांतरी हवी, पोटरीखाली लांबट उशी हवी, वजन सगळ्या पोटरीवर विभागलेलं हवं, टाचेच्या वरच्या कंडरेवर दाब नको आणि गुडघा किंचित वाकलेला असावा. त्याच मार्गदर्शिकेत असंही आहे की बेडसोरचा धोका असलेल्या जागी त्वचा चोळू नये. आणि मी वर्षानुवर्षं स्पिरिट-पावडर लावून पाठ चोळायला शिकवत आले होते, प्रात्यक्षिकाचे गुणही देत होते.

पुरावा म्हणजे एखादी पद्धत खरंच उपयोगी आहे का हे सांगणारं संशोधन. तो शिकवताना होणाऱ्या ज्या चुका पुढे सांगतेय त्या बहुतेक माझ्याच आहेत. इतरांकडून झालेल्या बघितल्या त्याही आहेत, पण माझ्या जास्त.

पुरावा सातव्या सेमिस्टरसाठी राखून ठेवणे

इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा सेमिस्टर पद्धतीचा नवा अभ्यासक्रम आणला. त्यात संशोधन आणि संख्याशास्त्र हा विषय शेवटाकडे येतो. म्हणून आपण काय करतो, तर पहिली तीन वर्षं "असं करायचं" शिकवतो आणि चौथ्या वर्षी अचानक विचारतो, "असं का करायचं, सांगा बरं." तोवर मुलांची प्रश्न विचारायची सवय मोडलेली असते. मोडलेली म्हणजे आपणच मोडलेली.

पहिल्या वर्षी संख्याशास्त्र नको, पण बेडमेकिंग आणि टीपीआर (ताप, नाडी, श्वसन यांची नोंद) शिकवतानाच सुरुवात करता येते. टीपीआरचं उदाहरण मला फार आवडतं. कुठल्याही वॉर्डातले चार्ट उघडा आणि श्वसनाच्या रकान्यावरून बोट फिरवा. २०, २०, १८, २०, २०. दम्याचा रुग्ण २०, ताप असलेला २०, बरा होऊन घरी निघालेला तोही २०. अख्खा वॉर्ड एका तालात श्वास घेतोय! पहिल्या वर्षाच्या मुलांना मी घड्याळ देते आणि सांगते, रुग्णाला न सांगता पूर्ण एक मिनिट मोजा, मग चार्ट बघा. एकदा एका काकूंचा श्वास मुलीने ३० मोजला, चार्टवर २० होता. ती घाबरून माझ्याकडे आली, "मॅडम, मेरी गिनती गलत है क्या?" मी म्हटलं, परत मोज. परत २९. मग आम्ही इंचार्ज सिस्टरना सांगितलं आणि डॉक्टरांना बोलावलं.

चिकित्सक विचार म्हणजे दुसरं काय असतं? लिहिलेला आकडा आणि समोरचं माणूस जुळत नसेल तर माणसावर विश्वास ठेवायचा आणि परत मोजायचं. तब्येत ढासळायला लागली की श्वसनाचा वेग बऱ्याचदा आधी बदलतो, हे मग वेगळं पाठ करून घ्यावं लागत नाही.

प्रश्नाऐवजी विषय देणे

"बेडसोरवर माहिती काढून आणा" असं सांगितलं की दुसऱ्या दिवशी चाळीस असाइनमेंट येतात. चाळीसही सारख्या, एकाच वेबसाइटवरून उतरवलेल्या, शेवटी रंगीत स्केचपेनने काढलेलं चित्र. मुलं आळशी असतात म्हणून नव्हे, आपण प्रश्नच दिलेला नसतो म्हणून.

पिकोची चौकट सगळ्यांना पाठ असते: रुग्ण कोण, उपाय काय, तुलना कशाशी, परिणाम कोणता. वायवात घडाघडा म्हणतात. पण ती भरायला लागा, म्हणजे खरी गंमत. हातमोज्याचाच प्रश्न घ्या. रुग्ण: अंथरुणाला खिळलेला, एक बाजू लुळी. उपाय: पोटरीखाली उशी. तुलना: पाण्याचा हातमोजा. परिणाम? इथे वर्ग अडकतो. कोणी म्हणतं "आराम". आराम मोजणार कसा? कोणी म्हणतं "बेडसोर होणार नाही". किती दिवसांत? टाचेवर लाली आली आणि बोटाने दाबल्यावरही गेली नाही, ते धरायचं की नाही? या भांडणात पाऊण तास गेला तर जाऊ द्या. तो पाऊण तास हाच तास.

ही चर्चा इंग्रजीतच व्हावी असा हट्टही सोडा. आपल्याकडे झाबुआ-खरगोनपासून मुलं येतात, काही घरी मराठी बोलतात, काही निमाडी. विचार घरच्या भाषेत करू दे, पेपर इंग्रजीत लिहू दे.

पिरॅमिड पाठ, वाचन शून्य

पुराव्याच्या पायऱ्यांचा तो त्रिकोण प्रत्येक नर्सिंग कॉलेजच्या भिंतीवर आहे. तळाला तज्ज्ञांचं मत, शिखरावर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे एका प्रश्नावरच्या सगळ्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा. मुलांना वाटतं, वरचं दिसलं की खालचं रद्द. ही समजूत मोडायला माझ्याकडे दोन अभ्यासांची एक जोडी आहे.

आपल्याकडे कॅन्युला, म्हणजे सलाइनसाठी शिरेत बसवलेली नळी, ठरावीक दिवसांनी बदलायची पद्धत आहे, साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या तीन रुग्णालयांतली चाचणी 'लॅन्सेट'मध्ये आली. ३,२८३ रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. एकात ठरावीक दिवशी बदल, दुसऱ्यात गरज दिसेल तेव्हा. शिरेला सूज दोन्हीकडे ७ टक्के. मुलांना हे वाचून आनंद होतो: रुग्णाला उगाच टोचायचं नाही, सामानही वाचतं.

मग मी दुसरा कागद देते. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांनी ठरावीक दिवशी बदलणं खरंच बंद केलं आणि चार लाखांवर कॅन्युलांच्या नोंदी तपासल्या. अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅन्युलामुळे रक्तात होणारा संसर्ग बदलानंतर वाढला आणि जुना नियम परत आणल्यावर उतरला. आता काय करायचं? पिरॅमिडप्रमाणे पहिला अभ्यास वरचा, कारण त्यात गट चिठ्ठीने पाडलेले; दुसरा खालचा, कारण त्यात नुसत्या नोंदी. पण रक्तातला संसर्ग इतका क्वचित होतो की तीन हजार रुग्णांत तो फरक दिसणंच अवघड. आणि 'गरज दिसेल तेव्हा' यातला 'दिसेल' हा शब्द कोणाच्या जिवावर आहे? दर पाळीला प्रत्येक कॅन्युलाची जागा उघडून बघणाऱ्या सिस्टरच्या. ज्या वॉर्डात रात्री एक सिस्टर आणि तीस-पस्तीस खाटा, तिथे कोण बघणार? हा प्रश्न एका मुलाने स्वतःहून विचारला, तेव्हा मी त्याला चहा पाजला.

शोधायचं कुठे, तेही बसून दाखवा, नुसतं सांगू नका. पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची, फुकट आहे. त्यात सिस्टिमॅटिक रिव्ह्यूची आणि पूर्ण लेख मोफत असल्याची चाळणी लावता येते. असे आढावे काढणाऱ्या कोक्रेन या संस्थेचे साध्या भाषेतले सारांश कोणीही वाचू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिका मोफत उतरवता येतात. हल्ली मुलं चॅटबॉटला विचारतात आणि तो सुबक संदर्भ रचून देतो. लेखक, वर्ष, पान क्रमांक, सगळं असतं, फक्त लेखच अस्तित्वात नसतो. माझा नियम: प्रत्येक संदर्भाचं शीर्षक पबमेडमध्ये टाकून माझ्यासमोर उघडायचं. उघडलं नाही तर असाइनमेंट परत.

पुरावा म्हणजे परदेशातलं काहीतरी, असं वाटू देणे

कांगारू पद्धतीचा, म्हणजे कमी वजनाचं बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याचा, मोठा अभ्यास २०२१ मध्ये आला, त्यातल्या पाच देशांत भारत होता. आपलं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. एका गटात १ ते १.८ किलो वजनाची बाळं स्थिर होण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी दिली. २८ दिवसांतले मृत्यू वाट बघितलेल्या गटात १५.७ टक्के होते, लगेच दिलेल्या गटात १२ टक्के. मुलांना इथेच टक्क्यांशी खेळू द्या. "मृत्यू पाव हिश्शाने घटले" आणि "शंभरात साधारण चार बाळं जास्त वाचली" ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत, आणि कंपनीचा प्रतिनिधी नेहमी पहिलंच सांगतो! मग विचारा, आपल्याकडे आई कुठे असते? नवजात विभागाच्या बंद दाराबाहेर, बाकावर. मग खुर्ची, जागा, गाऊन, वॉचमन यांचे प्रश्न निघतात, आणि निघायलाच हवेत.

रुग्णाला विसरणे

१९९६ मध्ये डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पुराव्यावर आधारित वैद्यकाची जी व्याख्या दिली, तीत बाहेरच्या पुराव्याइतकंच करणाऱ्याच्या अनुभवाला स्थान आहे आणि रुग्णाच्या पसंतीचाही विचार आहे. आपण उत्तरपत्रिकेत तिन्ही लिहून घेतो आणि वॉर्डात फक्त पहिलं वापरतो.

प्रसूती वॉर्डात रामबागेतल्या एक आजी सहाण आणि गुटीचा डबा घेऊनच आल्या होत्या. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, आणि चाटवायला मध. आमची विद्यार्थिनी तावातावाने म्हणाली, "आजी, हे चुकीचं आहे. सहा महिने फक्त आईचं दूध." वाक्य बरोबर, मध तर वर्षाच्या आत नकोच, बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. आजींनी शांतपणे डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "आमच्या घरात सगळ्यांना दिली. सगळे धडधाकट आहेत." मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

तास संपल्यावर आम्ही याच वाक्यावर बोललो. धडधाकट आहेत त्यांचीच मोजणी घरात होते. जी राहिली नाहीत ती मोजणीत येत नाहीत. पण हे आजींना सांगायचं नाही! ते आपण समजून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी मी तिला परत पाठवलं, फक्त एक प्रश्न घेऊन: "आजी, गुटीने बाळाला काय होतं?" आजी म्हणाल्या, पोट दुखत नाही, वारा सरतो. मग पाजल्यानंतर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, आईने दूध पाजताना बाळाला नीट धरणं, हे आजींच्याच हाताने करून घेतलं. मध राहू दे म्हणाल्या. गुटीचं मात्र त्यांनी काही कबूल केलं नाही.

परीक्षा जुनीच ठेवणे

यावर फार लिहीत नाही. विद्यापीठाचा पेपर आपल्या हातात नाही, पण इंटर्नल आहे. "पाठीची निगा लिहा" याऐवजी दोन चार्ट द्या आणि विचारा, कुठल्या रुग्णाकडे आधी जाल आणि का. आणखी एक ओळ जोडा: काय दिसलं तर तुम्ही निर्णय बदलाल? या ओळीवर कॉपी करता येत नाही.

वर्ग गप्प बसत असेल तर चिठ्ठ्या घ्या, नावाशिवाय. "आज वॉर्डात काय बघून 'हे असंच का?' वाटलं?" माझ्याकडे लाडवांचा एक जुना डबा आहे. पहिल्या आठवड्यात तीन चिठ्ठ्या आल्या, त्यातली एक कॅन्टीनच्या पोह्यांबद्दल होती.

मुलांना इंचार्ज सिस्टरवर सोडणे

ही सगळ्यात महाग पडणारी चूक, आणि मी ती केली. हातमोज्यांचं सापडल्यावर उत्साहात तो कागद मुलांना दिला. धारची मुलगी तो घेऊन सरळ स्त्रियांच्या वॉर्डातल्या इंचार्ज सिस्टरकडे गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "सिस्टर, यह गलत है." सिस्टरची नोकरी तीस वर्षांची. पुढचा आठवडाभर आमच्या मुलांना त्या वॉर्डात लिनन मोजण्याशिवाय काही मिळालं नाही. चूक मुलीची नव्हती. पुरावा कसा वाचायचा ते मी शिकवलं, दुसऱ्यापुढे कसा ठेवायचा ते नाही.

मग मी स्वतः गेले, आणि आधी माझंच प्रोसिजर बुकातलं पान दाखवलं, लाल शाईने खोडलेलं. "सिस्टर, मीच चुकीचं शिकवत होते. दोन खाटांवर आठवडाभर उशी ठेवून बघू का? टाचेची नोंद आमची मुलं ठेवतील." सिस्टर म्हणाल्या, "ठेवा. पण उशा कुठून आणणार? स्टोअरमध्ये सहा आहेत." हे त्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत नव्हतं. हातमोजा फुकट आणि हाताशी असतो, म्हणून तर तो वॉर्डात शिरला. शेवटी नातेवाइकांना घरून जुनी उशी आणायला सांगितलं, मुलींनी वर रेक्झिनच्या खोळी शिवल्या, आणि दर पाळीला टाच बघून सही करायचा एक कागद खाटेला अडकवला.

स्त्रियांच्या वॉर्डात आता पोटरीखाली उशा दिसतात. पुरुषांच्या वॉर्डात अजून सिंकपाशी हातमोजे भरले जातात. तिथल्या इंचार्जशी बोलायचं राहिलंय. पुढच्या पोस्टिंगला मी त्या मुलीलाच बरोबर नेणार आहे. बोलायला या वेळी तीच सुरुवात करेल.