मोर्च्याआधीची तालीम कशी घ्यायची

माझी भाची फिलाडेल्फियाजवळ राहते. जन्म तिथला, नागरिकत्व तिथलं, घरात मात्र आमची मालवणी. १४ जून २०२५ ला अमेरिकेत गावोगावी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या विरोधात 'नो किंग्ज' म्हणून मोर्चे निघाले. आम्हाला राजा नको, एवढंच त्यांचं म्हणणं. त्याच आठवड्यात गव्हर्नरांचा विरोध असतानाही लॉस एंजेलिसमध्ये नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव दलाचे, सैनिक उतरवले होते. मोर्च्याच्या चार दिवस आधी तिचा फोन आला. "मावशी, मी जाणार आहे. पण कोणी अंगावर आलं तर मी थरथरेन, नाहीतर उलट काहीतरी बोलून बसेन."

मी तिला विचारलं, गणपतीतल्या नाटकाला आपण महिनाभर तालीम घेतो, मग मोर्च्याला तसंच कसं उठून जायचं? तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

मला हे महागात पडून कळलं. काही वर्षांपूर्वी आमच्या खाडीतल्या वाळूउपशाविरुद्ध आम्ही सत्तरेक जण कचेरीसमोर बसलो होतो. तीन तास सगळं शांत. मग कोणीतरी आमच्यातल्या एका मुलीला घाणेरडी शिवी दिली, तिच्या भावाने त्याची कॉलर धरली, आणि दुसऱ्या दिवशी बातमी आली ती धक्काबुक्कीची. वाळूचा उल्लेख शेवटच्या ओळीत. तो मुलगा वाईट नव्हता. शिवी येणार आहे, आणि आली की हात कुठे ठेवायचे, हे त्याला आम्ही कोणी सांगितलंच नव्हतं.

अमेरिकेत ही तालीम ज्यांनी शिकवली ते जेम्स लॉसन आपल्या नागपुरात राहून गेलेले आहेत. कोरियाच्या युद्धाच्या वेळी लष्करभरतीला नकार दिला म्हणून तुरुंगवास भोगला, आणि सुटल्यावर १९५३ मध्ये ते हिस्लॉप कॉलेजात आले. इथे त्यांनी सत्याग्रहाचा अभ्यास केला. परत गेल्यावर नॅशव्हिल शहरात एका चर्चच्या तळघरात त्यांनी विद्यार्थ्यांना तयार केलं. दुकानांतल्या ज्या खानपानाच्या काउंटरवर फक्त गोऱ्यांना बसू देत, तिथे जाऊन ही मुलं बसणार होती. आधी आपसातच सराव चाले. निम्मे गुंड व्हायचे, शिव्या द्यायचे, खुर्चीवरून खाली ओढायचे. फेब्रुवारी १९६० मध्ये मुलं खरोखर जाऊन बसली. २७ तारखेला मार खाल्ला, आणि अटकही मार खाणाऱ्यांनाच झाली. तरी कोणी हात उचलला नाही. १० मे रोजी त्या शहरातल्या काउंटरांवर काळ्या लोकांना वाढायला सुरुवात झाली. मे १९३० मध्ये आमच्या शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला होता, तीच शाळा इतक्या लांब पोचली याचा मला फार अभिमान आहे.

तर आता तालमीकडे. दहा ते पंधरा माणसं पुरेत. जागा सभामंडप, शाळेची पडवी, काहीही चालेल. आम्ही माझ्या खळ्यात, मांडवाखाली बसतो. दोन तास काढून ठेवा आणि लहान मुलांना शेजारी पाठवा, आरडाओरड्याने ती घाबरतात.

आधी मागणी एका वाक्यात आणा. प्रत्येकाने ते वाक्य न अडखळता म्हणून दाखवायचं. ते जमलं नाही तर त्या दिवशी पुढे जाऊ नका. पत्रकाराने माइक पुढे केला की अर्ध्या मिनिटात तेवढंच सांगता येतं.

मग खुर्च्या मांडा. तिघांनी बसायचं, तिघांनी समोर उभं राहून ओरडायचं. पहिली फेरी दोन मिनिटांची. कोणीही 'थांब' म्हटलं की त्या क्षणी थांबायचं, आणि विचारल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही. लॉसन यांच्या शिबिरात रस्त्यावरच्या खऱ्या शिव्या दिल्या जात. मी जातीवरून दिलेली शिवी तालमीतही चालू देत नाही. इथे ती जखम ओली आहे, आणि सरावापायी कोणाची खपली काढायचा मला अधिकार नाही.

आमच्याकडे एक मासेविक्रेत्या बाई येतात, साठीच्या. बाजारात त्यांच्यासमोर कोणाचं काही चालत नाही. त्या खुर्चीत बसल्या आणि कॉलेजातला एक मुलगा त्यांच्यावर ओरडला, "घराक जा गो म्हातारे, पेज शिजय!" बाईंनी खुर्चीची कड इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. अर्ध्या मिनिटात त्या उठून उभ्या राहिल्या. आम्ही थांबलो. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "माका माझ्या सासऱ्याचो आवाज ऐकाक येय होतो." कोणी काही बोललं नाही. पाणी दिलं. दुसऱ्या फेरीला मी त्यांना सांगितलं, दोन्ही टाचा जमिनीत दाबा, तळवे मांडीवर पालथे ठेवा, समोरच्या माडावर एक जागा पकडा, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. त्या पूर्ण दोन मिनिटं बसल्या. ओरडणाऱ्या मुलाचेच हात कापत होते. म्हणून जागा बदलायलाच हवी. शिव्या देणाऱ्याच्या पोटात काय होतं हे कळलं की समोरच्याचा राग तितकासा येत नाही.

प्रत्येक फेरीनंतर फेरीच्या दुप्पट वेळ बोला. कुठे हात सळसळला, कुठे रडू आलं, सगळं. खरी तालीम इथेच होते.

दर दहा जणांमागे दोन राखणदार नेमा. त्यांनी पोलिसांकडे बघायचं नाही, आपल्या माणसांकडे बघायचं. कोणाचा जबडा आवळला की शेजारी जाऊन हळूच नाव घ्यायचं आणि त्याला मागच्या रांगेत न्यायचं.

आणखी एक सराव मी हट्टाने घेते, एकट्याने 'नाही' म्हणायचा. १४ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात लष्करी बळ वापरायची परवानगी राष्ट्राध्यक्षांना देण्यावर मतदान झालं. बाजूने ४२०, विरोधात एक. ते मत बार्बरा ली यांचं. त्या परवानगीचा आधार पुढे वीस वर्षं वेगवेगळ्या देशांतल्या कारवायांना घेतला गेला. आम्ही सगळे हात वर करतो आणि एकटीनेच उभं राहून 'माझा विरोध आहे' म्हणून कारण सांगायचं. ग्रामसभेत याचा किती उपयोग होतो ते करून बघा.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. वकिलाचा नंबर मार्करने हातावर लिहा, फोन काढून घेतला तर तोच कामाला येतो. चेहऱ्याने किंवा बोटाने उघडणारं फोनचं लॉक बंद करून आकडे ठेवा. पोलिसांनी अडवलं तर 'मी जाऊ शकते का?' एवढंच विचारा. अटक झाली तर वकील मागा आणि गप्प राहा. हिरव्या टोप्यांतले कायदेशीर निरीक्षक, म्हणजे पोलीस कसे वागतात याची नोंद ठेवणारे लोक, दिसले तर त्यांच्या आसपास थांबा. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. कोलंबिया विद्यापीठातल्या आंदोलनात पुढे असलेल्या एका ग्रीन कार्डधारकाला मार्च २०२५ मध्ये अटक झाली. बाबासाहेब जिथे शिकले, तेच हे विद्यापीठ.

भाचीने सहा मैत्रिणींना गॅरेजमध्ये जमवून तीन फेऱ्या घेतल्या. मोर्च्यात ट्रकमधून एक जण शिव्या देत गेला तेव्हा टाचा दाबल्या, म्हणाली. १८ ऑक्टोबरला पुन्हा मोर्चे निघाले तेव्हा ती राखणदार होती. हातावरचा नंबर साबणाने जाईना म्हणून रात्री फोन आला. मार्करवर खोबरेल तेल चोळायचं, पाच मिनिटं ठेवायचं आणि सुती फडक्याने पुसायचं.