थॅडियस स्टीव्हन्स यांचे छोटे चरित्र कसे लिहावे

अमेरिकेतील गुलामगिरीच्या अंताचा इतिहास लिहिताना अब्राहम लिंकन यांच्याशेजारी थॅडियस स्टीव्हन्स या वकील-लोकप्रतिनिधींचे नाव घ्यावेच लागते. त्यांचे चरित्र लिहू इच्छिणाऱ्याने आधी त्यांची गाजलेली भाषणे न वाचता त्यांनी चालवलेले खटले आणि कायदेमंडळातील कामे सनावळीने मांडून घ्यावीत. व्हरमाँटमधील जन्म (१७९२), जन्मतः अधू असलेला पाय आणि आईने कष्टाने करून दिलेले शिक्षण यांस एक परिच्छेद पुरे.

खरी कसोटी पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग येथील वकिलीपासून लागते. १८२१ मध्ये चॅरिटी बटलर या स्त्रीने स्वातंत्र्यासाठी दाद मागितली असता स्टीव्हन्स तिच्या मालकाच्या बाजूने उभे राहिले आणि जिंकले. ती व तिची मुले गुलामगिरीतच राहिली. ही घटना गाळू नये, तसेच पुराव्यावाचून तिला पश्चात्तापाची कथाही जोडू नये. तिच्यापुढे इतर नोंदी ठेवाव्यात: १८३८ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या नव्या राज्यघटनेने कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला म्हणून त्यांनी तिच्यावर सही करण्याचे नाकारले, आणि १८५१ मध्ये त्याच राज्यातील ख्रिस्तियाना येथे पळून आलेल्या गुलामांना पकडू पाहणारा मालक मारला गेल्यानंतर राजद्रोहाचा आरोप झालेल्या कास्टनर हॅनवे यांच्या बचावात भाग घेतला. ज्युरीने हॅनवे यांना निर्दोष सोडले. माणूस कसा बदलत गेला, हे या क्रमातूनच वाचकाला दिसते. १८३५ मध्ये मोफत सार्वजनिक शाळांचा कायदा रद्द होण्यापासून वाचवणारे त्यांचे भाषण मात्र सविस्तर घ्यावे, कारण माझ्या मते त्यांच्या समतेच्या आग्रहाचे मूळ तेथेच सापडते.

काँग्रेसमधील, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कायदेमंडळातील, काळ लिहिताना पदांची यादी देऊन थांबू नये. यादवी युद्धाच्या काळात करविषयक समितीचे अध्यक्ष म्हणून युद्धाचा पैसा उभा करण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती, आणि युद्धानंतर नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता, हे स्पष्ट करावे. बंडखोर जमीनदारांच्या जप्त जमिनीतून मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी चाळीस एकर द्यावेत, ही त्यांची योजना फेटाळली गेली. या अपयशाला यशाइतकीच जागा द्यावी, कारण जमिनीवाचून मिळालेले स्वातंत्र्य पुढे किती पोकळ ठरले, हे त्याशिवाय कळत नाही. १८६८ मधील राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील, स्टीव्हन्स यांनी पुढे रेटलेला महाभियोग सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ अशा मतांनी, म्हणजे दोन-तृतीयांशाला एक मत कमी पडून फसला, हेही नमूद करावे. त्याच वर्षी ११ ऑगस्टला स्टीव्हन्स वारले.

लिडिया हॅमिल्टन स्मिथ यांनी सुमारे वीस वर्षे त्यांचे घर सांभाळले. दोघांच्या नात्याविषयी तेव्हाही कुजबुज होती. ती खरी मानून लिहू नये. त्या घरातील, व्यवहारातील आणि मृत्युपत्रातील स्मिथ यांचे स्थान नोंदींनी सिद्ध होते, तेवढेच आदराने लिहावे.