देकार्तचा 'मी' वाचायचा कसा

'मी विचार करतो, म्हणून मी आहे' हे फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचं वाक्य, एवढं पाठ करून वादात उतरू नका, आधी त्याचं १६४१ चं 'मेडिटेशन्स' हे पुस्तक हातात घ्या. प्रकरणं सहा आहेत, सुरुवातीला पहिली दोन पुरे, दिवसाला एकच. ते फेमस वाक्य त्याच्या १६३७ च्या फ्रेंच पुस्तकातलं, इथे तो नुसतं 'मी आहे' म्हणतो, आणि तेसुद्धा जेव्हा मनात आणतो तेव्हाच खरं, बस.

दुसऱ्या प्रकरणात मेणाचा तुकडा येतो तिथे थांबा. पोळ्यातून नुकतंच काढलेलं मेण, मधाची चव अजून गेलेली नाही, फुलांचा वास येतोय, बोटाने टकटक केली तर वाजतं, मग तो ते विस्तवाजवळ नेतो आणि चव गेली, वास गेला, पातळ झालं, तरी आपण म्हणतो मेण तेच. कशावरून? देकार्त म्हणतो डोळ्यांनी नाही, बुद्धीने कळतं.

आता हे मराठीत करून बघा. आपण दिवसभर 'मला वाटतं' म्हणतो, म्हणजे वाटणं आपलं आपण होतं आणि ते मला होतं, मग विचार करणारा 'मी' आला कुठून? अठराव्या शतकात लिश्टेनबर्ग या जर्मन लेखकाने हेच धरलं होतं, वीज चमकते म्हणतो तसंच 'विचार होतो' म्हणा, 'मी' म्हणालात की जास्तच बोललात. मला हा आक्षेप सगळ्यात भारी वाटतो.

राजकारण शोधायचं तर १६३७ च्या पुस्तकाची सुरुवात बघा, चांगली समज सगळ्यांना सारखी वाटून दिलेली आहे म्हणतो. स्वतः देकार्त देशाचे कायदे-रूढी पाळायच्या म्हणणारा माणूस, पण १६७३ मध्ये पुलँ द ला बार या फ्रेंच लेखकाने त्याचीच पद्धत उचलली आणि मनाला लिंग नसतं, बायका प्राध्यापक न्यायाधीश सगळं होऊ शकतात असं लिहिलं!

पण मग वेड्यांचं काय? पहिल्या प्रकरणात देकार्त सगळ्यावर शंका घेतो, तिथे स्वतःला राजा समजणारे, अंग काचेचं आहे म्हणणारे येतात आणि 'ते तर वेडे' म्हणून तो पुढे 'हे सगळं स्वप्न असेल तर' या शंकेकडे जातो. फुको या फ्रेंच विचारवंताने १९६१ मध्ये म्हटलं की इथेच वेड्यांना विचाराबाहेर काढलं, आणि पॅरिसमध्ये १६५६ पासून वेड्यांना, गरिबांना कोंडायला लागले त्याच्याशी ते जोडलं. देरिदा हा दुसरा फ्रेंच विचारवंत १९६३ मध्ये म्हणाला तसं नाही, पुढे 'एखादा राक्षस मला सगळ्यातच फसवत असेल तर' अशी शंका येते त्यात वेड परत आत येतंच, आणि 'ते वेडे' हे देकार्तचं नाही, एखाद्या साध्या माणसाचं बोलणं आहे. फुकोने १९७२ मध्ये ते खोडलं. म्हणून 'ते तर वेडे' हे वाक्य आलं की पुस्तक बाजूला ठेवा आणि हे कोण बोलतंय ते पेन्सिलने समासात लिहा, मगच पान उलटा.