सामाजिक सेवा संस्थेतील डॉक्टरल सायकॉलॉजी इंटर्नशिप : या चुका टाळा

अमेरिकेत चिकित्सा किंवा समुपदेशन मानसशास्त्रात पीएच.डी. अथवा साय.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याला पदवी मिळण्यापूर्वी साधारण एक वर्षाची पूर्णवेळ इंटर्नशिप करावी लागते. माजी सैनिकांसाठीची व्हेटरन्स अफेअर्सची रुग्णालये ही या प्रशिक्षणाची तिथली सर्वांत मोठी व्यवस्था आहे. पण तिथे अमेरिकी नागरिकत्वाची अट असल्यामुळे पुण्या-मुंबईहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्याला तो मार्ग बंद असतो. मग उरतात ती विद्यापीठांची समुपदेशन केंद्रे, इतर रुग्णालये आणि सामाजिक सेवा संस्था. या शेवटच्या प्रकारात एकाच छताखाली कौटुंबिक समुपदेशन, फॉस्टर केअरमधील, म्हणजे आईवडिलांपासून दूर दुसऱ्या कुटुंबात ठेवलेल्या, मुलांचे उपचार, घरगुती हिंसाचारातून बाहेर पडलेल्या स्त्रियांना आधार, व्यसनमुक्ती, शाळांमधील सेवा, घरभाड्याची मदत आणि कधी धान्यवाटपही चालते. मनोरुग्णांना दूरच्या मोठ्या इस्पितळांत ठेवण्याऐवजी त्यांच्या वस्तीजवळ उपचार मिळावेत, या विचाराला १९६३ च्या सामुदायिक मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी बळ दिले, आणि या संस्थांमधले आजचे मानसोपचाराचे काम बऱ्याच अंशी त्याच विचारावर उभे आहे.

या वर्षात अडचणीत येणाऱ्या इंटर्नचे पुस्तकी ज्ञान सहसा कमी पडत नाही. कमी पडते ते वेळेवर सांगणे. जी गोष्ट मंगळवारच्या सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे वरिष्ठ मानसशास्त्रज्ञाबरोबर कामाचा आढावा घेण्याच्या तासात, दहा मिनिटांत सुटली असती, ती मनात ठेवल्याने महिन्याभराने लेखी तक्रारीचे रूप घेते. पुढे दिलेल्या बहुतेक चुका याच एका चुकीची निरनिराळी रूपे आहेत, असे माझे मत आहे.

अर्ज आणि पसंतीक्रम

इंटर्नशिपचे अर्ज ॲपिक (एपीपीआयसी) या इंटर्नशिप देणाऱ्या केंद्रांच्या संघटनेच्या सामाईक ऑनलाइन अर्जातून जातात. त्यात प्रत्येकी ५०० शब्दांच्या मर्यादेतले चार निबंध असतात आणि प्रत्येक संस्थेसाठी वेगळे आवेदनपत्र जोडता येते. नेमके हे आवेदनपत्रच अनेक जण सर्वांना सारखे पाठवतात. सामाजिक सेवा संस्थेला तुमच्या प्रबंधाचा विषय थोडक्यात कळला तरी पुरतो. तिला हवे असते ते हे, की अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांबरोबर, दुभाष्यासह, शाळेच्या एखाद्या मोकळ्या खोलीत किंवा क्लायंटच्या घरी जाऊन तुम्ही काम केले आहे का, आणि नसेल तर ते शिकण्याची तुमची तयारी कितपत आहे. उपचारांचे व चाचण्यांचे तास ऑक्टोबरमध्ये आठवून आठवून भरू नयेत. ते प्रॅक्टिकमच्या, म्हणजे इंटर्नशिपपूर्वीच्या प्रात्यक्षिक प्रशिक्षणाच्या, पहिल्या आठवड्यापासून नोंदवलेले असावेत, कारण तुमच्या विभागाच्या प्रशिक्षण संचालकांना अर्जाची पडताळणी करावी लागते.

मुलाखतींनंतर विद्यार्थी आणि संस्था आपापला पसंतीक्रम देतात आणि त्यांवरून कोण कुठे जाणार याची जुळवणी होते. पसंतीक्रम लावताना 'तिथे माझा नंबर लागणार नाही, म्हणून ती संस्था खाली टाकतो' असा हिशेब करणे ही सरळ हानी करणारी चूक आहे. १९९९ पासून ही जुळवणी संगणकीय पद्धतीने होते. ती पद्धत ज्या सिद्धान्तावर उभी आहे, त्या क्षेत्रातील कामासाठी ॲल्विन रॉथ आणि लॉइड शॅपली यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. अवघड वाटणारी संस्था वर ठेवल्याने खालच्या संस्थेतील तुमची संधी कमी होत नाही, अशीच तिची रचना आहे. म्हणून क्रम खऱ्या आवडीप्रमाणेच लावावा, आणि जिथे वर्षभर काम करणे तुम्हाला शक्यच नाही अशी संस्था यादीत ठेवूच नये, कारण जुळवणीचा निकाल दोन्ही बाजूंवर बंधनकारक असतो.

सीपीटी आणि ओपीटीचा घोळ

परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही चूक सर्वांत महाग पडते. इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग असल्यामुळे ती सहसा सीपीटीवर, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याच्या परवानगीवर, केली जाते. मात्र पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा त्याहून अधिक झाला, तर त्याच पदवीच्या पातळीवरचा ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आपल्या विषयात काम करण्याची एरवी पदवीनंतर मिळणारी परवानगी, मिळत नाही. अनेक राज्यांत परवान्यासाठी पदवीनंतरही देखरेखीखालील तास लागतात, आणि ते करण्यासाठी तुम्हाला ओपीटीच हवा असतो. त्यामुळे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी आणि विभागाशी हे बोलणे पसंतीक्रम देण्यापूर्वी व्हावे, जुळवणीनंतर नव्हे. सुरुवातीची व शेवटची तारीख, सुट्ट्या आणि एकूण तास यांचा मेळ संस्थेच्या नियमांत राहून कसा बसतो, हे लेखी घ्यावे. मुलांबरोबर काम असेल तर बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमी तपासणीला वेळ लागतो, हेही तेव्हाच विचारून ठेवावे.

सुपरव्हिजनमध्ये फक्त चांगले सांगणे

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या मानकांप्रमाणे इंटर्नला आठवड्याला किमान चार तास सुपरव्हिजन मिळायला हवे, आणि त्यातले किमान दोन तास डॉक्टरेट असलेल्या परवानाधारक मानसशास्त्रज्ञाबरोबर वैयक्तिक असायला हवेत. संस्थेत कामाचा रेटा असतो, कोणाचा तरी फोन येतो, आणि हा तास पहिल्यांदा अर्ध्यावर येतो व मग पुढच्या आठवड्यावर जातो. इंटर्न मनात म्हणतो, मॅडम किती कामात आहेत, आपण कशाला त्रास द्यायचा. आपल्याकडच्या शिक्षणात सर-मॅडमसमोर तयार उत्तर घेऊन जाण्याची सवय लागलेली असते. शंका घेऊन जाणे म्हणजे अभ्यास झाला नाही असे सांगणे वाटते. इथे नेमके उलट अपेक्षित आहे. हुकलेला तास त्याच आठवड्यात भरून मागावा, आणि तो मागणे हा उद्धटपणा समजला जात नाही.

सुपरव्हिजनला जाताना जी भेट चांगली झाली तिचे ध्वनिमुद्रण नेण्याचा मोह होतो. ती न नेता, जिथे तुम्ही गोंधळलात, गप्प बसलात किंवा क्लायंटवर चिडलात, ती दहा मिनिटे शोधून न्यावीत. मूल्यमापनाचा काही भाग तरी प्रत्यक्ष निरीक्षणावर किंवा मुद्रणावर आधारित असणे बंधनकारक आहे, त्यामुळे कमकुवत जागा कधी ना कधी दिसणारच. त्या तुम्ही स्वतः आधी दाखवल्यात, तर त्यांच्याकडे शिकण्याचा विषय म्हणून पाहिले जाते. विशेषतः क्लायंटबद्दल वाटणारी अति माया आवर्जून सांगावी. एखाद्या आईला स्वतःच्या गाडीतून न्यायालयात सोडणे, मुलाच्या वाढदिवसाला भेट देणे, रात्री मेसेजला उत्तर देणे, हे सगळे चांगल्या मनानेच होते, आणि म्हणूनच ते करण्यापूर्वी दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेखालून जायला हवे.

क्लायंटला पहिल्याच भेटीत आपण प्रशिक्षणार्थी आहोत हे आणि आपल्या सुपरवायझरचे नाव सांगणे ही व्यावसायिक नीतिसंहितेची अट आहे. 'विश्वास बसणार नाही' म्हणून ते टाळू नये.

बालअत्याचाराचा अहवाल सोमवारवर ढकलणे

शुक्रवारी संध्याकाळी, भेट संपता संपता, नऊ वर्षांचा मुलगा शर्टाची बाही वर करून पट्ट्याचा वळ दाखवतो. सुपरवायझर घरी गेलेले असतात. आई बाहेर बसलेली असते आणि तिनेच मुलाला इथपर्यंत आणलेले असते. इंटर्नच्या मनात येते की खात्री नाही, आई उपचार सोडून देईल, सोमवारी विचारून ठरवू. ही चूक कायद्याच्या कक्षेत जाते, कारण अशा संशयाचा अहवाल बालसंरक्षण खात्याला देणे कायद्याने बंधनकारक आहे.

अहवाल देण्यासाठी खात्री लागत नाही. वाजवी संशय पुरतो. चौकशी करणे हे बालसंरक्षण खात्याचे काम आहे, तुमचे नाही, आणि म्हणून मुलाला पुन्हा पुन्हा तपशील विचारत बसणेही चुकीचे आहे. कॅलिफोर्नियात ताबडतोब फोन करून ३६ तासांत लेखी अहवाल द्यावा लागतो. न्यूयॉर्कमध्ये तात्काळ फोन आणि ४८ तासांत लेखी अहवाल. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत, ते कामावर रुजू होण्याच्या आठवड्यातच वाचावेत. कॅलिफोर्नियाचा कायदा हेही स्पष्ट करतो की वरिष्ठांना सांगितले म्हणजे तुमची जबाबदारी पार पडली असे होत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: संस्थेच्या आणीबाणीच्या यादीतील पहिल्या उपलब्ध वरिष्ठाला फोन, मग बालअत्याचाराचे अहवाल घेणाऱ्या सरकारी हॉटलाइनला फोन, मग फोन उचलणाऱ्या व्यक्तीचे नाव व वेळ यांसह नोंद. कोणी वरिष्ठ फोनवर आलेच नाहीत, तरी हॉटलाइनचा फोन थांबत नाही. मुलाच्या सुरक्षिततेला धोका नसेल, तर आईला अहवालाबद्दल आपणच आणि आधी सांगितलेले बहुधा बरे असते, पण तो निर्णय एकट्याने घेऊ नये.

आत्महत्येच्या जोखमीबाबतही घोटाळा साधारण याच धाटणीचा होतो. 'स्वतःला काही करणार नाही' असे क्लायंटकडून लिहून घेऊन निश्चिंत होणे ही जुनी आणि निरुपयोगी पद्धत आहे. त्याऐवजी सुरक्षा आराखडा बनवावा: धोक्याच्या खुणा कोणत्या, स्वतः काय करता येईल, कोणाकडे जाता येईल, कोणाला फोन करायचा, आणि घरातली बंदूक किंवा गोळ्यांचा साठा कोणाकडे ठेवायचा. जुलै २०२२ पासून सुरू झालेला ९८८ हा आत्महत्या व मानसिक संकटातील मदतीचा दूरध्वनी क्रमांक त्यात लिहावा.

नोंदी साचू देणे

नोंद भेटीच्याच दिवशी लिहावी. या संस्थांचे बरेचसे उत्पन्न मेडिकेड या सरकारी विमा योजनेतून येते, आणि नोंदीत उपचारांची गरज दिसली नाही तर दिलेले पैसे परत मागितले जाऊ शकतात. एक नोंद पाहा: 'क्लायंट आज उदास होती. बोलून बरे वाटले. आधार दिला.' यावरून काय केले, कशासाठी केले आणि पुढे काय, यांपैकी काहीच कळत नाही. आता हीच भेट अशी लिहा: 'या आठवड्यात चार रात्री तीन तासांपेक्षा कमी झोप झाल्याचे व दोन दिवस कामावर जाता न आल्याचे क्लायंटने सांगितले. उपचार आराखड्यातील झोपेच्या उद्दिष्टावर काम केले. झोपेची नोंदवही तपासून झोपण्या-उठण्याच्या वेळा ठरवल्या. आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारले असता नाकारले. पुढील भेटीत नोंदवही पुन्हा पाहणे.' शब्द थोडे वाढले, पण उद्या तुम्ही आजारी पडलात तर दुसरा कोणी यावरून काम पुढे नेऊ शकेल.

मुलाच्या ताब्याचा वाद चालू असेल, तर तुमच्या नोंदी न्यायालयात वाचल्या जातील हे धरून लिहावे: कोण काय म्हणाले ते त्याच्या नावे, आणि तुमचा निष्कर्ष वेगळा. वकिलाचे समन्स आले तर घाबरून कागद पाठवू नयेत आणि दुर्लक्षही करू नये. त्याच दिवशी सुपरवायझरकडे द्यावे. व्यसनमुक्ती विभागाच्या नोंदींना एरवीच्या आरोग्य नोंदींपेक्षा वेगळे व कडक संघीय नियम लागू आहेत, हेही विसरता कामा नये.

भाषा येते म्हणून दुभाषी होणे

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास किंवा कॅलिफोर्नियाच्या बे एरियात काम असेल, तर एखाद्या मराठी, हिंदी वा गुजराती बोलणाऱ्या कुटुंबाची गाठ पडतेच. मुलाकडे आलेल्या आजी, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली आणि इंग्रजी फारसे न येणारी बायको, यांच्याशी आपल्या भाषेत बोलता येणे ही मोठी देणगी आहे, आणि संस्थेला तुमचा त्यात उपयोग व्हावा हे योग्यच आहे. चूक होते ती पुढे. हळूहळू स्वागतकक्षातून, घरभाड्याच्या मदत विभागातून, शाळेच्या बैठकीतून 'जरा येतेस का, एवढे सांगून दे' असे बोलावणे येऊ लागते, आणि इंटर्नचे आठवड्यातले काही तास दुभाषी म्हणून जातात. संघीय निधी घेणाऱ्या संस्थेवर १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार भाषासाहाय्य देण्याची जबाबदारी असते. तिने त्यासाठी प्रशिक्षित दुभाषी किंवा दूरध्वनी सेवा नेमायची असते. शिवाय जी तुमची क्लायंट आहे, तिच्यासाठी तुम्हीच भाडेविभागात भाषांतर करू लागलात की उपचारकाची भूमिका धूसर होते.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. तुम्ही मराठीत घेतलेली भेट तुमच्या सुपरवायझरला ऐकून कळत नाही. अशा वेळी मुद्रणातील निवडक भाग शब्दशः भाषांतर करून न्यावा, आणि 'आमच्याकडे असेच असते' असे सांगून विषय मिटवू नये. सासूच्या वागण्याला तुम्ही सवयीने नेहमीचे म्हणाल आणि सुपरवायझर सवयीने अत्याचार म्हणतील. खरे काय ते त्या स्त्रीला सविस्तर विचारूनच ठरवावे लागते. समाज लहान असतो, मंडळाच्या गणेशोत्सवात क्लायंट समोर येऊ शकते; तेव्हा कोणी कोणाला ओळख द्यायची हे आधीच तिच्याशी बोलून ठेवावे.

गैरहजेरीला प्रतिकार समजणे

सलग दोन भेटी चुकल्या की 'क्लायंटची तयारी नाही' असा शेरा मारला जातो. आधी बस कोणती, कामाची पाळी कोणती, धाकट्याला सांभाळायला कोण आहे, हे विचारावे. वेळ बदलून किंवा व्हिडिओवर भेट घेऊन प्रश्न सुटत असेल, तर त्याचा अर्थ लावत बसण्याची गरज नसते.

शेवटचे दोन महिने

इंटर्नशिप साधारण उन्हाळ्यात संपते आणि फॉस्टर केअरमधील मुलासाठी तुम्ही सोडून जाणारे आणखी एक मोठे माणूस ठरता. निरोपाची गोष्ट शेवटच्या आठवड्यात काढणे ही म्हणूनच गंभीर चूक आहे. जाण्याची तारीख पहिल्या भेटींतच सांगावी, आणि किमान दोन महिने आधी पुढचा उपचारक कोण हे सुपरवायझरबरोबर ठरवून शक्य असल्यास एक भेट तिघांनी मिळून करावी.

मूल्यमापनात काही उणे आले तर संस्थेची लेखी सुधारणा व तक्रार प्रक्रिया काय आहे, हे रुजू होतानाच वाचलेले असावे. मान्यताप्राप्त कार्यक्रमाला ती ठेवावीच लागते. जाण्यापूर्वी सर्व मूल्यमापने, सुपरव्हिजनच्या तासांची सही केलेली नोंद, पूर्णता प्रमाणपत्र आणि सुपरवायझरचा परवाना क्रमांक यांच्या प्रती स्वतःकडे घ्याव्यात. राज्याचे परवाना मंडळ हे कागद काही वर्षांनी मागते, आणि तोवर संस्था दुसऱ्या संस्थेत विलीन झालेली असू शकते.