अठरा पूर्ण नाहीत, दिवस गेलेत आणि घरात राहणं अशक्य झालंय: पुण्यात नेमकं काय करायचं

मी वकील नाही, शिवाजीनगर कोर्टात पॅरा लीगल व्हॉलंटियर म्हणून बसते, आणि हा प्रश्न दर दोनतीन महिन्यांनी कुणीतरी खालच्या आवाजात विचारतंच. बहुतेक वेळा "माझ्या मैत्रिणीसाठी विचारतेय" असं म्हणून.

तर आधी सरळ उत्तर. अठरा पूर्ण होईपर्यंत स्वतःच्या मर्जीने रूम घेऊन वेगळं राहायचा हक्क तुला नाही, पोटात बाळ आहे म्हणून तू सज्ञान होत नाहीस. नेटवर शोधलंस तर अमेरिकेतलं काहीबाही येईल, तिकडे बऱ्याच राज्यांत कोर्टात जाऊन अठराच्या आधी आईबापाच्या ताब्यातून मोकळं होता येतं, आपल्याकडे तशी सोयच नाही त्यामुळे त्यात वेळ घालवू नको. पण घरातून निघणं हा तुझा गुन्हा नाही, त्यासाठी तुला कुणी आत टाकत नाही. आणि जिथे मारतात, कोंडून ठेवतात, गपचूप लग्न उरकायला बघतात त्याच घरी तुला परत पाठवलं पाहिजे असंही नाही. ते ठरवायचा अधिकार बाल कल्याण समितीला, म्हणजे अडचणीतल्या मुलांचं बघणाऱ्या सरकारी समितीला आहे, आईबाबांना नाही आणि चौकीतल्या साहेबांनाही नाही.

म्हणून स्वारगेटला जाऊन मिळेल ती एसटी पकडायच्या आधी 1098 लाव, ही मुलांसाठीची हेल्पलाइन. फुकट आहे, चोवीस तास चालतो. जीवाला धोका असेल तर 112. पुणे पोलिसांचा भरोसा सेलपण आहे, तिथे महिला आणि मुलांच्या केसेस बघतात. तू स्वतःहूनसुद्धा समितीसमोर जाऊ शकतेस, 2015 च्या बाल न्याय कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय, आणि समिती बसलेली नसेल तर एका सदस्यासमोर हजर केलं तरी चालतं. पोलिसांनी किंवा दुसऱ्या कुणी नेलं तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत समितीपुढे उभं करावं लागतं. रात्री पोलीस स्टेशनात ठेवता येत नाही. जबाब शक्यतो बाई अधिकाऱ्यानेच घ्यायचा, युनिफॉर्म न घालता, तुझ्या घरी किंवा तू म्हणशील तिथे. हे पाठ करून ठेव, गडबडीत कुणी सांगत नाही.

समिती विचारते, तुला कुठे राहायचंय? इथे "मला नाही जायचं घरी" एवढंच बोलू नको, का नाही ते सांग आणि विश्वासाची आत्या, मावशी, आजी कुणी असेल तर तिचं नाव दे, कारण समिती चौकशी करून बालगृहाऐवजी अशा माणसाकडेही सोपवू शकते. घरची चौकशी साधारण पंधरा दिवसांत व्हायची असते, शेवटची ऑर्डर चार महिन्यांच्या आत. प्रत्यक्षात रखडतं, खोटं कशाला बोलू.

आता कडू भाग. अठराखालच्या मुलीला दिवस गेले म्हणजे पॉक्सो, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, लागतोच, तुझी मर्जी होती की नव्हती हे कायदा बघत नाही. डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवल्यास त्यालाच सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणजे ज्याच्यापासून दिवस गेले त्याच्यावर केस होणार, तो पण अठराखालचा असेल तर बाल न्याय मंडळापुढे जाईल. या भीतीने मुली दवाखानाच टाळतात आणि मेडिकलमधून गोळ्या आणून खातात, ते अजिबात करू नको. ससूनला जा, नाहीतर जवळच्या कुठल्याही दवाखान्यात, पॉक्सोच्या केसमधे प्रायव्हेटनेही उपचार फुकट द्यायचे असतात. गर्भपात हवा असेल तर 20 आठवड्यांपर्यंत एक डॉक्टर, 24 पर्यंत दोन डॉक्टर, त्यापुढे बहुतेक हायकोर्टात जावं लागतं, म्हणून दिवस मोजत बसू नको. पालकाची लेखी संमती लागते, पण या कायद्यात पालक म्हणजे तू ज्याच्या सांभाळात आहेस तो, फक्त बापच असं नाही. पाडायचं असेल तर, 2022 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार, तू आणि पालकांनी सांगितलं तर डॉक्टर पोलिसांना कळवताना तुझं नाव गुप्त ठेवू शकतो. आणि तुझी संमती नसेल तर आईबाबा कितीही मागे लागले तरी पाडता येत नाही!

"त्याच्याशी लग्न करून टाकते, विषय संपला" हे डोक्यातून काढ. अठराच्या आत ते बालविवाहच, आणि बायको अठराखालची असेल तर नवऱ्यावरही बलात्काराचा गुन्हा होतो, 2017 पासून हे पक्कं झालंय.

आता मावशी, काकू, मैत्रिणीची आई, हे तुमच्यासाठी. मागे हडपसरकडची एक मुलगी आली होती, सतरा पूर्ण, सातवा महिना, कॉलेजच्या सॅकमधे दोन ड्रेस, चार्जर आणि सोनोग्राफीची फाईल. मैत्रिणीच्या आईने तिला चार दिवस घरी ठेवून घेतलेलं, कुणाला न सांगता, चांगल्या मनाने. इकडे घरच्यांनी तक्रार दिली आणि अज्ञात व्यक्तीवर अपहरणाचा गुन्हा दाखल झाला, मूल हरवलं की तो दाखल करावाच लागतो. कोर्टाच्या बाकड्यावर ती काकू स्टीलच्या डब्यातून मुलीला पोहे भरवत होती आणि मला विचारत होती, मी आत जाईन का हो? मुलगी घास तोंडात धरून विचारत होती, परत नाही ना पाठवणार? अपहरणाला 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलगी समजूनउमजून स्वतः निघाली आणि तुम्ही तिला फूस लावली नाही तर तो गुन्हा होत नाही असं सुप्रीम कोर्टाने 1964 मधेच म्हटलंय, पण ते सिद्ध होईपर्यंत हेलपाटे तुमचेच. त्यात पॉक्सोचं माहीत असून न कळवणं हा वेगळा गुन्हा. तेव्हा घरात घ्या, जेवायला घाला आणि त्याच दिवशी 1098 वर कळवा, फोन कधी केला ते लिहून ठेवा. त्या काकूंनी पाचव्या दिवशी केला, पहिल्याच दिवशी केला असता तर एवढं लांबलं नसतं.

निघताना काय घ्यायचं? दहावीचं सर्टिफिकेट किंवा शाळेचा दाखला, वयासाठी आधी तेच बघतात, नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला. आधार असू दे पण वयाला त्यावर अवलंबून राहू नको. दवाखान्याचे सगळे कागद. धमकीचे मेसेज डिलीट करू नको.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडून राहू नको, मुलींना आणि बायकांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, नंबर 15100. बाळ झाल्यावर सांभाळणं शक्य नसेल तर समितीसमोर सोपवता येतं आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. परस्पर कुणाला देऊ नको, नर्सबाई कितीही गोड बोलल्या तरी, त्यात विक्रीचा गुन्हाही लागू शकतो.

आणि 1098 लावल्यावर बोलायला सुचत नसेल तर एवढंच म्हण, "मी सतरा वर्षांची आहे, मला दिवस गेलेत, मी आत्ता अमुक ठिकाणी आहे आणि घरी सुरक्षित नाही." बाकीचे प्रश्न ते विचारतात.