बेसएक्समधली क्वेरी अचानक मंदावली तर

नागपूरच्या कळमना बाजारातले संत्र्यांचे रोजचे भाव मी एक्सएमएल फाइलमध्ये (टॅग लावून लिहिलेल्या मजकुराच्या फाइलमध्ये) साठवतो आणि बेसएक्स या ओपन सोर्स डेटाबेसमध्ये टाकतो. पहिल्या दिवशी तारखेवरून भाव चटकन मिळायचा. नव्या फाइल ॲड करत गेलो, तसा तोच शोध रखडायला लागला. क्वेरीत, म्हणजे शोधासाठी लिहिलेल्या आज्ञेत, चूक नव्हती. डेटा बदलला की बेसएक्सचे इंडेक्स (कुठली नोंद कुठे आहे, याच्या सूची) जुने ठरतात आणि प्रत्येक शोधाला सगळा डेटा चाळला जातो.

१. डेटाबेस ओपन करून ‘इन्फो डीबी’ कमांड द्या.
२. इंडेक्सखाली ‘अप-टू-डेट’समोर ‘फॉल्स’ दिसलं, की दुखणं सापडलं.
३. ‘ऑप्टिमाइझ’ कमांड चालवा. इंडेक्स नव्याने बांधले जातात.
४. क्वेरी पुन्हा चालवा आणि क्वेरी इन्फोमध्ये (क्वेरी कशी चालली, ते दाखवणाऱ्या माहितीत) इंडेक्स वापरल्याची ओळ आली का, ते नक्की बघा.

फाइल एकेक करून ॲड करत असाल तर प्रत्येक वेळी ऑप्टिमाइझ करत बसू नका; सगळ्या टाकून झाल्यावर शेवटी एकदाच. आणि हो, क्वेरीत ॲट्रिब्यूटची (टॅगच्या आत नावासह लिहिलेल्या मूल्याची) तुलना अवतरणचिन्हातल्या मजकुराशी करा. नुसत्या आकड्याशी केली, तर ताजा इंडेक्ससुद्धा वापरला जात नाही. माझा अर्धा दिवस यातच गेला होता.

बेसएक्सचा सर्व्हर चालू असताना तोच डेटाबेस बेसएक्सच्या खिडकीत वेगळा उघडून त्यात बदल करू नका. दोन प्रोसेस (चालू असलेले प्रोग्रॅम) एकाच वेळी लिहायला लागल्या, तर डेटा बिघडू शकतो.